लेकुरवाळी मरळ

गळ टाकून पाण्याकाठी बसणं ही एक साधना आहे. तिच्यात माणसाचा अहंकार हळूहळू विरघळतो, काळ थांबतो आणि शेवटी मासा, पाणी आणि माणूस यांत भेद उरत नाही.

ही दोन वाक्यं माझीच आहेत. एका दिवाळी अंकात ती छापून आली होती आणि संपादकांनी ती चौकटीत टाकली होती, मागे कमळाचं चित्र घालून. आता वाचताना लाज वाटते. पन्नासेक वर्षं मी गळ टाकतो आहे. काळ थांबलेला एकदाच पाहिला, तेव्हा घड्याळात पाणी गेलं होतं. अहंकाराचं म्हणाल तर गळ टाकणाऱ्याइतका अहंकारी माणूस मला भेटलेला नाही. दीड फुटाचा मासा सांगताना त्याचे हात आपोआप तीन फूट फाकतात. आणि मासा आणि माणूस यांत भेद नक्की उरतो. एकाच्या तोंडात गळ असतो.

हा लेख लिहिला नसता तर पुढचं काही घडलं नसतं, असं मी काही वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. लेख निमित्त होता. जे केलं ते मी केलं.

मी बेलापूरचा. घरापासून प्रवरा हाकेच्या अंतरावर. आमच्या घरातल्या मागच्या चार पिढ्या पूजा सांगणं, कारकुनी आणि मास्तरकी या तीन धंद्यांवर जगल्या, आणि तिन्हींत मासा कुठेच बसत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना घाटाच्या पायरीवर एक म्हातारा बांबूच्या काठीला दोरा बांधून बसलेला असायचा. एकदा तो लघवीला उठला आणि काठी माझ्या हातात देऊन गेला. तेवढ्यात दोरा ओढला गेला. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे आणि त्याला माझ्याशी काडीचाही संबंध ठेवायचा नाही, हे हाताला कळलं. तेव्हापासून जे लागलं ते लागलंच. आई मला विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात घ्यायची नाही. मिळालेला मासा मी वाटेत कुणालाही देऊन टाकायचो. आजपर्यंत एकही खाल्लेला नाही. हे सांगितलं की मासे खाणारे माझ्याकडे संशयाने बघतात आणि न खाणारे तिरस्काराने. दोघांचंही बरोबर आहे.

पुढे एका शिक्षण संस्थेत मराठीचा शिक्षक झालो. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या, त्यामुळे बदल्या होत होत शेवटी राजूरच्या बाजूला पोचलो. इतर शिक्षक तिकडची बदली म्हणजे शिक्षा समजत. पाऊस फार, एसटी कमी, आणि घरभाड्याच्या खोलीत चार महिने भिंतींना पाझर. मला मात्र पहिल्याच रविवारी गावाबाहेर चार किलोमीटरवर ओढ्यावरचा एक जुना मातीचा बंधारा सापडला. निम्मा गाळाने भरलेला, कडेने पाणकणीस माजलेलं, पाण्यावर कमळाची पानं. असल्या पाण्यात मरळ असते. मी कणकेची गोळी लावून बसलो. तासाभराने मागून आवाज आला.

“काय मास्तर, कनकीवर मरळ धरनार व्हय?”

मागे एक माणूस खांद्यावर खोरं घेऊन उभा होता. बंधाऱ्याखालची भातखाचरं त्याची. सगळे त्याला तात्या म्हणत.

“मरळ काय सत्यनारायनाचा परसाद खाती का? तिला बेडकी लागती. जित्ती.”

शाळेत मला सगळे सर म्हणत. मास्तर म्हणणारा तो एकटाच, आणि ते त्याने सुरुवातीपासून असं म्हटलं की ती थट्टा आहे की पदवी, हे मला कधी ठरवता आलं नाही. पुढची बारा वर्षं बहुतेक प्रत्येक रविवार मी त्याच्याबरोबर त्या बंधाऱ्यावर काढला.

मरळीविषयी थोडं सांगायला हवं. रोहू-कटला हे मासे सरकारी खात्यासारखे असतात. समोर येईल ते तोंड उघडून घेत राहतात. मरळ शिकारी आहे. पानाखाली लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून राहते. तिला हवेतला श्वास लागतो, म्हणून मधूनच वर येते, एक बुडबुडा सोडते आणि परत खाली. तो बुडबुडा कुठे फुटला हे बघायचं आणि त्याच्या हातभर पुढे बेडकी टाकायची. ती पानावरून पाण्यात उतरली की एकतर काहीच होत नाही किंवा पाणी फुटतं. पाणी फुटलं की ओढायचं नाही. थांबायचं. तिने बेडकी आडवी धरलेली असते, ती फिरवून गिळेपर्यंत दम धरायचा. नवखा माणूस इथेच ओढतो आणि रिकामा गळ घेऊन घरी जातो. मी पहिले चार महिने रिकामाच गेलो.

“तुमी शाळंतबी आसंच करता का?” तात्या म्हणायचा. “पोरानं त्वांड उघाडलं की लगीच वढायचं?”

मी मासे खात नाही याचं त्याला फार कौतुक होतं. “लगीन करायचं आन् बायकू म्हायेरी ठिवायची, तसलं हाय तुमचं.” हे त्याला योगायोगानेच सुचलं असावं, कारण माझी बायको खरंच बेलापूरला होती. तिची तिथल्या शाळेत नोकरी होती आणि घरात माझी आई होती. मी महिन्यातून एकदा जायचो.

मोबाईलवर व्हिडिओ दिसायला लागले तेव्हा मी त्याला अमेरिकेतली मासेमारी दाखवली. तिकडे बास नावाचा एक मासा आहे. आपल्या मरळीसारखाच, पानाखाली दबा धरणारा, रबराच्या बेडकीवर तुटून पडणारा. त्याच्यापायी लोक आयुष्यं वाया घालवतात. एका व्हिडिओत टोपीवाल्या माणसाने असा चारेक किलोचा मासा काढला, त्याचा मुका घेतला आणि पाण्यात परत सोडून दिला.

“काय नाव म्हनला ह्या माशाचं?”

“बास.”

“बास? मंजी पुरं?”

“नाही, नावच आहे ते.”

तात्याने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. “बास म्हनतंय आन् पुन्ना गळ टाकतंय,” तो म्हणाला. “लबाड हाय.” मग बराच वेळ तो स्वतःशी हसत होता. पुढे मी रबराची बेडकी मागवली. त्याने ती हातात घेतली, पोट दाबलं आणि म्हणाला, ही बेडकी बघून मरळीला आपल्या बुद्धीचा संशय यायचा. पण त्या बेडकीवर मला तिसऱ्याच रविवारी मरळ लागली. त्यानंतर तात्याने जित्ती बेडकी सोडून दिली. कबूल मात्र कधी केलं नाही. बेडक्या धरायला आता वाकवत न्हाई, एवढंच म्हणायचा.

त्याचा एकच नियम होता. पावसाळ्यात मरळ पिल्लं घालते. ती शेकड्यांनी असतात आणि लालभडक, काडेपेटीच्या गुलाइतकी. त्यांचा एक पुंजका करून ती सगळी एकत्र हिंडतात आणि श्वास घ्यायला एकदम वर येतात. पाण्यावर कुणी कुंकू सांडलंय असं दिसतं. त्या कुंकवाच्या बरोबर खाली आई असते. पुस्तकात मी वाचलं होतं की बापही राखण करतो. तात्याला ते सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पुस्तकाचा आग्रह सोडला. त्या पुंजक्यावर काहीही टाका, ती येते. भूक असो नसो. खायला नाही, हाकलायला येते. त्यामुळे मरळ धरायची याच्याइतकी सोपी वेळ नाही. डोळे झाकून टाकलं तरी लागते.

“लेकुरवाळीला गळ दावायचा न्हाई,” तात्या म्हणायचा.

यात धर्म वगैरे काही नव्हतं. तात्या देवाचं फारसं करणाऱ्यांतला नव्हता. आई उचलली की चिलापी मासे पिल्लांवर पडतात आणि पुढच्या साली मरळ नसते, एवढाच हिशेब. पण तो ‘लेकुरवाळी’ म्हणायचा, तेव्हा मला तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आल्यासारखा वाटायचा. मी वर्गात हा शब्द वर्षानुवर्षं शिकवत होतो. मूळ शब्द, प्रत्यय, अर्थ. पावसाळ्यात पाण्यावर कुंकू दिसलं की आम्ही दोघं गळ गुंडाळायचो आणि बांधावर नुसते बसून बघायचो. बारा वर्षांत तो नियम आम्ही मोडला नाही.

लेख मी याच काळात लिहिला. त्यात बंधारा होता, पाणकणीस होतं आणि तात्या होता. मी त्याला ‘निरक्षर तत्त्वज्ञ’ म्हटलं होतं. अंक नेऊन दाखवला. त्याने तेवढं पान सावकाश वाचलं.

“मी सातवी पास हाय,” तो म्हणाला.

“अहो, ती एक लिहिण्याची पद्धत असते.”

“लिवायची पद्धत आसंल. पर मी सातवी पास हाय.”

मी मनातल्या मनात तो शब्द खोडला. पण छापलेलं ते छापलेलंच.

त्याच हिवाळ्यात आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बायको शाळा करायची, आईचं करायची आणि रात्री मला फोन करायची. ती आरडाओरडा करणारी बाई नाही. एकदा शांतपणे म्हणाली, “तुम्ही तिकडे मुलांची शाळा घेता की माशांची, ते एकदा ठरवा. मला इकडे तुमची आई एकटीला उचलता येत नाही.”

मी बदलीचा अर्ज केला. बेलापूरच्या आसपास संस्थेच्या दोन शाळा होत्या, जागाही होती. सहा महिने अर्जाचं काही झालं नाही. मग संस्थेच्या कार्यालयातून अध्यक्षांच्या स्वीय सहायकांचा फोन आला. मला वाटलं अर्जाविषयी. तो लेखाविषयी होता.

“साहेबांनी तुमचा लेख वाचला, सर. म्हणजे मी वाचून दाखवला. साहेबांना एकदा तो अनुभव घ्यायचाय. ती साधना.”

“कधी?”

“श्रावण झाल्यावर. श्रावणात साहेबांचं मासे वगैरे बंद असतं.” मग जरा थांबून ते म्हणाले, “तुमचा अर्ज टेबलावरच आहे, सर. साहेबांचा मूड चांगला असला की सह्या पटापट होतात.”

अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नव्हते. हे मला नेहमीच अडचणीचं वाटत आलं आहे. ते हसतमुख होते, शिक्षकांची नावं लक्षात ठेवत, आणि त्यांनी तोंडाने माझ्याकडे कधीही काही मागितलं नाही. त्यांच्यासारख्या माणसांना मागावं लागत नाही.

मी तात्याकडे गेलो. एखाद्याला काकुळतीने आग्रह करण्याला मराठीत गळ घालणं म्हणतात. मी तात्याला गळ घातली. आईचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

“भादव्यात मरळ कशी घावंल? पिल्लं हायेत खाली.”

“दुसरी एखादी असेल. वरच्या अंगाला.”

“आसंल की नसंल.” मग म्हणाला, “आना तुमच्या सायबाला. तुमची आई पडलीया, मग काय करता.”

ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता बंधाऱ्यावर पाच गाड्या आल्या. मुख्याध्यापकांनी आदल्या दिवशी बांधावर फलक लावला होता: ‘निसर्गाच्या सान्निध्यात मा. अध्यक्षसाहेबांचे हार्दिक स्वागत’. सतरंजी, तिच्यावर गादी, गादीवर लोड. लेझीम पथक त्यांनी ठरवलं होतं ते मी हातापाया पडून रद्द करवलं. नारळ मात्र फुटला. पाण्याच्या अगदी कडेला, दगडावर, तीन वेळा आपटून. नारळ फुटल्यावर टाळ्या झाल्या.

तात्या माझ्या कानाशी म्हणाला, “मास्तर, मासा धरायचाय का माशाला लग्नाचं आवतान द्यायचंय?”

साहेबांचा रॉड परदेशी होता. मुठीवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. त्यांनी पहिल्यांदा टाकला तो फलकात अडकला. दुसऱ्यांदा मुख्याध्यापकांच्या टोपीत. सगळे मनापासून हसले, मुख्याध्यापक सगळ्यांत जास्त. तात्याने त्यांना वरच्या अंगाला नेलं, पिल्लांपासून लांब. तिथे ते दोन तास बसले. काही लागलं नाही. लागण्यासारखं काही नव्हतंच. साहेबांना शेजारी बसलेला माणूस गप्प राहतो याची सवय नव्हती. तात्या गप्प होता, म्हणून ते त्याला भाताचे भाव विचारत होते. अकराच्या सुमाराला त्यांनी घड्याळ बघितलं. स्वीय सहायकांनी त्यांना घड्याळ बघताना बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

“सर,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “लेखात तर तुम्ही लिहिलंय की पाणी नेहमी देतं.”

लिहिलं होतं.

त्याच वेळी खालच्या अंगाला, पाणकणसाच्या तोंडाशी, पाण्यावर कुंकू आलं.

मी काय विचार केला हे मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आईचा विचार केला, असं मी बायकोला सांगितलं. मला फक्त सहायकांचा चेहरा आठवतो आणि ते लाल वर्तुळ, पाण्यावर हळूहळू फिरणारं. मी म्हणालो, “साहेब, जरा इकडे या.” ते आले. मी त्यांच्या हातातला रॉड घेतला, रबराची बेडकी लावली, आणि पिल्लांच्या पुढे वीतभर अंतरावर टाकली. मध्ये दोन कमळाची पानं होती, त्यांच्या फटीतून. इतकी नेमकी फेक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही. मग रॉड त्यांच्या हातात परत दिला.

“आता काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

पाणी फुटलं. साहेबांनी लगेच ओढलं. एरवी रिकामा गळ आला असता. पण ती गिळायला आलीच नव्हती, चावायला आली होती. गळ ओठाच्या कोपऱ्यात बसला. चार जणांनी मिळून रॉड धरला. पाचेक मिनिटांत मरळ चिखलात होती. मोठी होती, पाचएक किलो असेल. टाळ्या, शिट्ट्या. साहेबांना मासा हातात धरवेना म्हणून त्यांच्या हाताखाली दोघांनी हात धरले आणि फोटो निघाले.

मी पाण्याकडे बघत होतो. लाल वर्तुळ आधी पसरलं, मग परत आवळलं, जिथे आई होती तिथेच. मग त्याच्या कडेला पाणी उकळल्यासारखं झालं. चिलापी आल्या होत्या.

तात्या वरच्या अंगाने चालत आला. तो धोतर न सोडता, न खोचता, तसाच पाण्यात शिरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागला. “हाऽऽड! हाऽऽड!” खाचरातल्या पाखरांना हाकलतात तसा. चिलापी एका बाजूने पळत आणि दुसऱ्या बाजूने येत.

“अहो, ह्यांचं काय चाललंय?” साहेबांनी हसत विचारलं.

“भोळा माणूस आहे, साहेब,” मुख्याध्यापक म्हणाले. “निरक्षर, पण तत्त्वज्ञ.”

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढत होतं. मी काही बोललो नाही. सातवी पास आहे, एवढंही बोललो नाही.

बऱ्याच वेळाने तात्या थांबला, कारण आता बडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला, धोतराचं पाणी माझ्या बुटांवर ठिबकत होतं. आवाज चढवला नाही.

“त्यांस्नी म्हाईत नव्हतं, मास्तर,” तो म्हणाला. “तुमाला म्हाईत हुतं.”

मग बांधावरचा आपला गळ गुंडाळून खाचराच्या वाटेने खाली गेला. दुपारी विश्रामगृहावर मरळीचं कालवण झालं. मी खात नाही हे ऐकून साहेब खरोखर हळहळले आणि त्यांनी माझ्यासाठी वेगळं पिठलं करायला सांगितलं. मी ते खाल्लं.

दिवाळीच्या आत बदलीचा आदेश आला. मी पेढे घेऊन तात्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पेढा घेतला, चहा ठेवते म्हणाली. तात्या खालच्या खाचरात भात कापताना दिसत होता. मी हाक मारली. त्याने विळ्याचा हात वर केला, म्हणजे ऐकलं असा, आणि परत वाकला. चहा होईपर्यंत थांबलो. तो वर आला नाही.

आई पुढे दोन वर्षं जगली. त्या दोन वर्षांत तिला उचलायला मी होतो. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. त्यामुळे मला पश्चात्तापही धड करता येत नाही. बदली मिळवली हे चूक होतं, असं मी कुणापुढे म्हणू शकत नाही. आणि ती कशी मिळवली हे ज्याच्यापुढे बोलायचं तो भात कापत होता.

बेलापूरला नदीवर पुन्हा जायला लागलो. प्रवरेत वाळू उरली नव्हती, वाळू काढलेले खड्डे होते. उन्हाळ्यात वरून कुठूनतरी काळं पाणी यायचं आणि दोन दिवस मासे पोट वर करून तरंगायचे. तरीही मी बसायचो. घाटाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे लोक कौतुकाने बघतात हे माझ्या लक्षात आलं, आणि तो म्हातारा मी आहे हेही. दोरा ओढला गेला की हाताला आजही तेच कळतं. दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे, आणि त्याला माझ्याशी संबंध नको आहे. लहानपणी यात मला आनंद वाटायचा.

मी निवृत्त झालो. सत्काराला अध्यक्ष आले, त्यांनी भाषणात मरळीचा किस्सा सांगितला. मासा आठ किलोचा झाला होता आणि त्यांनी तो एकट्याने काढला होता. मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी राजूरला गेलो. एसटीत तीन-साडेतीन तास बसून मी काय बोलायचं याची वाक्यं जुळवली. मराठीचा शिक्षक, वाक्यं चांगली जुळली. ‘तात्या, मी तुमचा नियम मोडला नाही, मी तुम्हाला मोडलं.’ हे जुळल्यावर मला आवडलं, आणि आवडलं म्हणून खोडलं. शेवटी फक्त ‘माझं चुकलं’ एवढं ठेवलं.

तात्या ओट्यावर बसला होता. थकला होता. मला ओळखायला एक क्षण लागला. मग उठला, आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पंच्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. बारा वर्षं मी त्याच्याबरोबर युरियाच्या रिकाम्या पोत्यावर बसलो होतो.

“या सर,” तो म्हणाला. “बसा.”

मी बसलो. चहा आला. त्याने माझ्या बायकोची, तिच्या नोकरीची चौकशी केली. मी बंधाऱ्याची केली.

“जात न्हाई मी. गुडघं धरल्यात.” मग म्हणाला, “आता समदी चिलापीच हाय तिथं.”

“मरळ?”

“न्हाई.”

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “तात्या, त्या दिवशी...”

“सर, तुमच्याकडं एक काम हुतं,” तो म्हणाला. मला तोडायला नव्हे. त्याच्याही मनात काहीतरी बरेच दिवस जुळवलेलं असावं. त्याने आत हाक मारली. त्याची नात येऊन दाराला टेकून उभी राहिली. दहावी झाली होती. पुढे शिकायचं तर तालुक्याला राहावं लागणार, आणि तिथलं मुलींचं वसतिगृह आमच्या संस्थेचं.

“तिथं वळखीबिगार घेत न्हाईत म्हनत्यात. तुमचा आन् सायबांचा लई घरोबा. आमी बघितलाय की.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. टोमणा असता तर फार बरं झालं असतं. टोमणा नव्हता. तो खरंच मला विचारत होता, साहेबांच्या माणसाला विचारतात तसं. शब्द जपून, मान जरा वाकवून.

मुलीने वहीचं पान फाडून दिलं. मी मांडीवर वही ठेवून अध्यक्षांच्या नावे चिठ्ठी लिहिली. सप्रेम नमस्कार, मरळीची आठवण ताजी आहे, सोबतची मुलगी हुशार व गरजू असून. अक्षर चांगलं आलं. तात्याने ती दोनदा वाचली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग मला हात जोडले. बारा वर्षांत त्याने मला कधी हात जोडले नव्हते. मीही जोडले. एसटीची वेळ झाली होती.

मुलीला वसतिगृहात जागा मिळाली. त्या वर्षी तिथल्या निम्म्या खाटा रिकाम्याच होत्या.